अलास्का क्रूझ: आत्या, सासूबाई आणि आम्ही सगळे

अलास्काची क्रूझ रिटायर झाल्यावर निवांत करायची असं बरेच जण म्हणतात. माझं मत अगदी उलट आहे. मोठी माणसं काठी टेकत का होईना चालतायत आणि मुलं अजून आपल्याबरोबर यायला तयार आहेत, अशी जी मोजकी वर्षं मिळतात ना, त्यातच ती करून टाकावी. आम्ही या जुलैमध्ये केली आणि घरातल्या मोठ्यांना घेऊन जायचा विचार करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही एकूण चौदा जण. पुण्याहून आई-बाबा, साताऱ्याहून आत्या, नाशिकहून सासूबाई, न्यू जर्सीहून दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, डॅलसहून नणंद आणि भावजी, आणि कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून आम्ही चौघं. माहेर आणि सासर एकाच ट्रिपमध्ये, त्यामुळे सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळायच्या होत्याच, पण खरा प्रश्न आत्याचा होता. वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात, जिने चढत नाही. ती पहिल्याच फोनवर म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या गं, मी घरी बसून नातवंडांचे फोटो बघेन." आधी यलोस्टोनचं चाललं होतं पण दोन-दोन गाड्या, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा आणि उतरवा, हे तिला झेपणारं नव्हतं. मग बाबा म्हणाले की जिला सगळ्यात कमी चालता येतं तिला धरून प्लॅन करा, बाकीचे आपोआप बसतील त्यात. तिथून क्रूझ ठरली.

तयारी

सगळ्यात आधी व्हिसाचं सांगते कारण इथेच लोक अडकतात. सिअ‍ॅटलहून सुटणारी जहाजं अलास्का म्हणजे अमेरिकेतच जातात तरी बहुतेक सगळी वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. कारण असं की १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरांतून निघून मध्ये कुठल्याच परदेशी बंदराला न लागता परत अमेरिकेत प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि ही मोठी जहाजं जवळपास सगळी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा झेंड्यांची. म्हणजे शेवटच्या रात्रीचे ते चार तास कॅनडात असतात आणि त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. आम्ही उतरणारच नाही असं म्हणून चालत नाही, बुकिंग करतानाच आम्हाला हे बजावून सांगितलं होतं. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा नको पण कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही जवळ हवं. दादा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याला कॅनडाचा व्हिसा लागला. आई-बाबा, आत्या आणि सासूबाई अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर येणार होते, त्या चौघांचेही कॅनडाचे अर्ज भारतातूनच भरले, बोटांचे ठसे द्यायला एकदा जावं लागलं. हे काम तिकिटाच्या आधी सुरू करा, नंतर नको.

दुसरं म्हणजे खोल्या. आम्ही तीन बाल्कनीच्या खोल्या ओळीने घेतल्या, मधल्या मजल्यावर आणि जहाजाच्या बरोबर मध्यात, लिफ्टपासून जवळ. टोकाच्या आणि वरच्या खोल्यांना हलणं जास्त जाणवतं. त्यातल्या एका खोलीत आत्या-सासूबाई, एकीत आई-बाबा आणि तिसरीत आम्ही. दादाकडचे आणि नणंद-भावजी आतल्या, बिनखिडकीच्या खोल्यांत राहिले, त्या खूप स्वस्त पडतात आणि तरुण माणूस तसाही खोलीत फक्त झोपायला जातो.

खाण्याचं काय न्यायचं यावर फोनवर खूप चर्चा झाली. घरी केलेले पदार्थ जहाजावर चालत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. मग बाकरवडी, भडंग, राजगिरा लाडू, शेंगदाण्याच्या चटणीची पाकिटं असं सगळं सीलबंद. चहाची किटली नेऊ नका, गरम होणारी कुठलीही वस्तू काढून ठेवतात.

आणि प्रवासाचा विमा. भारतातून येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तो घ्याच, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल वेगळं येतं.

पहिला दिवस, सिअ‍ॅटल

सिअ‍ॅटलला क्रूझची दोन वेगवेगळी टर्मिनल आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१. आमचं ६६, अगदी गावात, पाइक प्लेस मार्केटपासून चालत जाता येईल एवढ्यावर. टॅक्सीत बसायच्या आधी तिकिटावरचा नंबर बघून घ्या. आम्ही सगळे आदल्या दिवशीच येऊन राहिलो होतो आणि मोठी माणसं बरोबर असतील तर हे करायलाच हवं, जहाज कोणासाठी थांबत नाही.

आत्यासाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, तिच्यामुळे तिच्याबरोबरच्या सगळ्यांना वेगळ्या रांगेतून सोडलं. आत्याला व्हीलचेअरमध्ये बसायचा संकोच होता, पण सासूबाई म्हणाल्या "वन्सं, बसा हो, मलाही तुमच्याबरोबर लवकर जायला मिळेल." सासूबाई माझ्या आत्याला वन्सं म्हणायला लागल्या हे मला तिथेच कळलं आणि खूप बरं वाटलं.

बॅगा खोलीवर पोचल्या की सेफ्टीचं ठिकाण दाखवतात, तिथे प्रत्येकाने हजेरी लावायची. ते झालं आणि मी पहिलं काम केलं ते म्हणजे खोल्या बघणाऱ्या माणसाला विचारलं की आमच्या तीन बाल्कन्यांमधले पडदे उघडता येतील का. बिजागरीवरचे दरवाजेच असतात ते. त्याने चावी आणून दोन्ही उघडले आणि आमची एक लांबच लांब ओसरी तयार झाली. पुढचे सगळे दिवस सकाळचा चहा त्या ओसरीवर, चौदा जण, कोणी खुर्चीत, कोणी दारात, कोणी खाली चादर टाकून. कोणी अशा शेजारशेजारच्या खोल्या घेणार असेल तर हे नक्की विचारा, सगळ्या जहाजांवर होत नाही पण विचारायला पैसे पडत नाहीत.

रात्रीच्या जेवणाला आम्ही एकच नियम केला, दिवसा ज्याला जे हवं ते करावं, कोणी कोणाला ओढायचं नाही, पण रात्री साडेसातला सगळ्यांनी एका टेबलावर.

दुसरा दिवस, समुद्र

हा पूर्ण दिवस पाण्यावर. सिअ‍ॅटलची जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या बाजूने, उघड्या समुद्रातून वर जातात, त्यामुळे इथे जरा हलतं. वहिनीला आणि धाकट्या भाच्याला दुपारपर्यंत त्रास झाला. गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, निघायच्या आधी घ्यायची. आल्याची वडी आणि हिरवं सफरचंद, शिवाय मधल्या मजल्यावर बसून लांब क्षितिजाकडे बघत राहणं, यानेही बरं वाटतं.

आणि नेमकी त्या दिवशी आषाढी एकादशी. आत्या आणि सासूबाईंचा उपवास. साबुदाणा कुठून येणार, पण बुफेमध्ये उकडलेले बटाटे, दही, दूध, केळी, कलिंगड, पपई सगळं होतं आणि आपले राजगिऱ्याचे लाडू होतेच. आईने फोनवर डाउनलोड करून आणलेले अभंग लावले आणि तिघी त्या ओसरीवर शाली गुंडाळून बसल्या. आत्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी बरीच वर्षं वारी केली होती, त्यांच्या पायांना झालेले फोड आजी कसे शेकायची ते ती नातवंडांना सांगत होती. समोर सगळा करडा पॅसिफिक. मी माझ्या लेकीला सांगितलं की लिहून घे हे सगळं, आणि तिने खरंच घेतलं.

संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मुख्य माणसाशी बोलले. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी जेवण वेगळं करून देतात, डाळ, भात, एक भाजी, पोळीसारखं काहीतरी. मेनूमध्ये हे नसतं, विचारावं लागतं. रोज सांगून ठेवायचं.

तिसरा दिवस, जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी आणि तिथे बाहेरून रस्ताच जात नाही, विमानाने या नाहीतर बोटीने. मागे डोंगर आणि त्यामागे प्रचंड बर्फाचं पठार. आम्ही दुपारी पोचलो. दादाच्या मुलांसाठी हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं बुकिंग होतं, ते ढगांमुळे रद्द झालं, पैसे परत मिळाले. इथे हे नेहमी होतं, त्यामुळे मुलांना आधीच तशी कल्पना देऊन ठेवावी.

व्हेल बघायला मात्र सगळे गेलो. ऑक बे म्हणून जागा आहे तिथून छोट्या बोटी निघतात, आत हीटर, मोठ्या काचा, आत्याला बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. हे हंपबॅक व्हेल हिवाळ्यात हवाईजवळच्या उबदार पाण्यात पिल्लं घालायला जातात, तिथे जवळपास काही खात नाहीत, आणि उन्हाळ्यात हजारो मैल पोहून इथे फक्त खायला येतात. आधी लांबवर फवारा दिसला, मग दुसरा, मग बोटवाल्याने इंजिन बंद केलं. आणि एक जवळच वर आला. त्याच्या श्वासाचा आवाज आला, मोठ्या टायरमधली हवा एकदम सोडल्यावर होतो तसा, आणि पाठोपाठ वाऱ्याबरोबर वास. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीचा. मग पाठीची कमान, आणि शेवटी शेपूट सरळ वर, तिच्या खालून पाणी निथळतंय. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक व्हेलचे वेगळे असतात, त्यावरूनच शास्त्रज्ञ एकेकाला ओळखतात. आत्या काचेपाशी उभी राहिली होती, काठी सोडून, दोन्ही हात काचेवर. बाबांनी हळूच मागून तिची कोपरं धरली.

तिथून मेंडेनहॉल हिमनदी. जुनोच्या बर्फाच्या पठारावरून उतरणारी, साधारण १३ मैल लांब. १९६२ साली तिथे व्हिजिटर सेंटर बांधलं तेव्हा हिमनदी बरीच जवळ होती, आता मधल्या सगळ्या जागेत तळं झालंय आणि बर्फ लांब मागे गेलाय. आत फोटो लावलेत वर्षावार, ते नीट बघा. अलीकडे, २०२३ आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, वरच्या बाजूला बर्फाने अडवलेलं पाणी एकदम सुटून खालच्या वस्तीत पूर आला होता. फोटो पॉइंटपर्यंतचा रस्ता सपाट आणि पक्का आहे, व्हीलचेअर आरामात जाते. चालू शकणाऱ्यांनी पुढे नगेट धबधब्यापर्यंत जावं, ३७७ फुटांचा आहे आणि पायवाटेला चढ जवळजवळ नाही. रात्री दहाला जहाज सुटलं तेव्हाही चांगला उजेड होता, मुलं झोपायला तयारच होईनात.

चौथा दिवस, स्कॅगवे

बाबांचा दिवस. बाबांनी सगळी नोकरी रेल्वेत केली आणि व्हाइट पास रेल्वेचं त्यांनी पुण्यात बसून सगळं वाचून ठेवलं होतं.

गोष्ट अशी की १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात क्लोंडाइकला सोनं सापडलं, पुढच्या वर्षी सोन्याने भरलेली बोट सिअ‍ॅटलला लागली आणि लाखभर लोक घरदार सोडून निघाले. स्कॅगवेला उतरायचं आणि डोंगर चढून पलीकडे जायचं. पण सरहद्दीवर कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा जवळ असल्याशिवाय आत सोडत नव्हते, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान. एवढं एका खेपेत न्यायचं कसं, म्हणून थोडं वर ठेवायचं, परत खाली यायचं, परत थोडं. व्हाइट पासच्या वाटेवर साधारण ३००० घोडे आणि खेचरं मेली, त्या घळीला आजही डेड हॉर्स गल्च म्हणतात. मग १८९८ च्या मे महिन्यात रेल्वेचं काम सुरू झालं, कडे फोडून, आणि १९०० च्या जुलैमध्ये ११० मैलांचा मार्ग पूर्ण झाला. तोवर सोन्याची गर्दी ओसरली होती.

रूळ तीन फुटांचे. बाबांनी बसल्या बसल्या मुलांना सांगितलं की आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फुटांचे, हे त्याहून फूटभर रुंद, आणि तरी २० मैलांत जवळजवळ ३००० फूट चढायचंय. मग चढ किती टक्के पडतो ते त्यांनी माझ्या मुलाकडून पाठीमागच्या कागदावर काढून घेतलं. जवळजवळ तीन आलं. बाबा म्हणाले ही सरासरी, काही ठिकाणी चार टक्क्यांच्या जवळ आहे, आणि साध्या रूळांवर इंजिनाला हे किती अवघड असतं ते समजावत राहिले. शेजारचं अमेरिकन जोडपंही कान देऊन ऐकत होतं, त्यांच्यासाठी मुलगा इंग्रजीत सांगायला लागला.

जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. व्हीलचेअरसाठी लिफ्ट असलेला डबा आधी सांगितलं तर मिळतो. आत शेगडी असते, डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो, बाबा जवळजवळ सगळा वेळ तिथेच उभे होते मफलर बांधून. एका वळणावर पुढचं इंजिन आणि बोगद्याचं तोंड दोन्ही एकदम दिसतं. आणि डेड हॉर्स गल्चपाशी खाली जुनी पायवाट अजून दिसते, एक माणूस मावेल एवढीच. आई खूप वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "त्या घोड्यांना काय करायचं होतं सोनं."

गाव हजारभर वस्तीचं, लाकडी फुटपाथ, जुन्या इमारती. एका हॉलचा सगळा दर्शनी भाग समुद्रातून वाहून आलेल्या काटक्या ठोकून केलाय, हजारो आहेत, आणि फार सुंदर दिसतो. बाकी दागिन्यांची दुकानंच दुकानं, त्यात वेळ घालवू नका.

पाचवा दिवस, ग्लेशियर बे

या दिवशी कुठेच उतरायचं नाही, आणि आमच्या सगळ्यांचा सगळ्यात लाडका दिवस हाच. जी माणसं कमी चालू शकतात त्यांच्यासाठी अलास्का का, याचं उत्तर ग्लेशियर बे. जहाजच तुम्हाला बर्फापाशी नेऊन उभं करतं.

बुकिंग करताना हे बघून घ्या की जहाज ग्लेशियर बेमध्ये जातंय का. सगळी जात नाहीत. दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना आत सोडतात. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर एका छोट्या बोटीतून येतात आणि चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या शिडीवरून चढून वर येतात, मुलं कठड्याला चिकटून बघत होती. मग ते दिवसभर माइकवर माहिती सांगतात. लहान मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका असते, ती भरली की बॅज देतात. आमच्या चारही पोरांनी मिळवला.

हा सगळा पासष्ट मैलांचा फाटा, ज्यातून आमचं एवढं मोठं जहाज आरामात चाललं होतं, तो अडीचशे वर्षांपूर्वी नव्हताच. १७५० च्या सुमाराला इथे तोंडापर्यंत घट्ट बर्फ होता. जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं १७९४ मध्ये इथून गेली तेव्हा त्यांना जेमतेम चार-पाच मैलांची खाच दिसली, मागे सगळी बर्फाची भिंत. निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर १८७९ मध्ये आला तेव्हा बर्फ चाळीसेक मैल मागे गेला होता. बाबा लगेच म्हणाले, "१७९४ म्हणजे महादजी शिंदे वानवडीला वारले ते वर्ष." आम्ही वानवडीजवळच राहायचो, शिंदे छत्रीवरून शाळेत जायचो. तेवढ्या वाक्याने ते वर्ष मला एकदम हाताशी आल्यासारखं वाटलं. तेव्हा आम्ही होतो त्या जागी बर्फ होता, शेकडो फूट जाड.

आणि त्याच्याही आधी इथे माणसं राहत होती. हूना त्लिंगित लोकांची गावं होती, हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांना घरं सोडून जावं लागलं. २०१६ साली पार्कच्या काठावर त्यांचं सामाईक घर परत बांधून झालं. रेंजरताईंनी ते सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, धरणात गाव गेलेली माणसं आपल्याकडे पण अशीच सांगतात, इथे आमचं देऊळ होतं, इथे आमची विहीर.

दुपारी मार्जरी हिमनदीपाशी पोचलो. जवळजवळ मैलभर रुंद भिंत, पाण्यावर अडीचशे फूट उंच. जहाज साधारण पाव मैलावर थांबतं आणि तासभर हळूहळू फिरत राहतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना सगळं दिसतं, धावपळ करून वर जायची गरज नाही. आत्या आणि सासूबाई साडीखाली थर्मल, वर स्वेटर, वर शाल, कानटोपी अशा बसल्या होत्या, आम्ही गरम चॉकलेट आणून देत होतो. बर्फ निळा दिसतो, आणि अगदी निळा, शाईसारखा, भेगांमध्ये तर जास्तच. वरच्या वजनाने दाबून दाबून त्यातली हवा निघून जाते आणि तो लाल रंग शोषून घेतो म्हणून. शेजारचीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी मात्र दगडमातीने इतकी झाकली गेली आहे की कोणी सांगितल्याशिवाय बर्फ आहे हे कळत नाही.

मग ते झालं ज्याची सगळे वाट बघत होते. भिंतीचा एक तुकडा सुटताना दिसला, आवाज काहीच नाही, आणि मग सेकंदभराने गडगडाट, छातीत जाणवेल असा. प्रकाश आधी आणि आवाज नंतर, पोरांनी शाळेत शिकलेलं. त्यानंतर लाट आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. आत्याने हात जोडले. कोणी तिला विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही.

हा बर्फ मागे जातोय त्यातला काही भाग काही शतकांपूर्वीचं 'छोटं हिमयुग' संपल्याचा आहे आणि काही भाग आपण तापवलेल्या हवेचा, रेंजरने दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगितल्या. एवढं मोठं जहाज जे तेल जाळत जातं त्याबद्दल माझ्या लेकीने प्रश्न विचारला आणि तो योग्यच प्रश्न होता. घरी येऊनही आम्ही त्यावर बोलतोय.

सहावा दिवस, केचिकन

केचिकनला वर्षाला १४० इंचांच्या वर पाऊस पडतो. आम्हा कोकण-महाबळेश्वरवाल्यांना पावसाचं नवल नाही पण हा थंड पाऊस, रेनकोट चांगला हवा, छत्री उपयोगाची नाही. आमचं जहाज गावाबाहेर वॉर्ड कोव्हला लागलं, तिथून शटल बसने गावात. क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांब ठोकून बांधलेली लाकडी घरांची रांग, तासाभरात होते.

पण सॅक्समनला जाच. टोटेम पोलचं गाव. रेड सीडर नावाच्या अख्ख्या झाडातून कोरलेले उंच खांब, त्यावर गरुड, कावळा, अस्वल, बेडूक. पूजेचे नसतात ते, घराण्याच्या गोष्टी आणि हक्क सांगणारे असतात. आम्हाला माहिती सांगणारी मुलगी त्लिंगित होती. तिने सांगितलं की त्यांच्यात दोन मोठे गट, कावळ्याचा आणि गरुडाचा, कावळ्यातल्याने गरुडातच लग्न करायचं, आपल्याच गटात नाही, आणि मुलं आईच्या गटात जातात. मी मराठीत आत्याला सांगितलं तर आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे सगोत्र चालत नाही." ते मी इंग्रजीत त्या मुलीला सांगितलं. मग तिने विचारलं तुमचं गोत्र आईकडून येतं का वडिलांकडून, आत्या म्हणाली वडिलांकडून आणि लग्नानंतर नवऱ्याचं. ती मुलगी म्हणाली तिचं तर आईचंच, जन्मभर, लग्नाने बदलत नाही. आत्याने थोडा विचार केला आणि म्हणाली, "हे बरंय." मागची रांग खोळंबली होती पण कोणी घाई केली नाही. त्या दोघींचा फोटो नणंदेने काढलाय, दोघींवर पाऊस पडतोय आणि दोघी एकमेकींकडे बघतायत.

ओढ्यात सॅमन चढताना बघायचे असतील तर जुलैच्या शेवटापासून ऑगस्टमध्ये या.

सातवा दिवस, व्हिक्टोरिया

दिवसभर समुद्र, बॅगा भरणं, पत्त्यांचा डाव. रात्री आठला व्हिक्टोरिया. एवढ्या उशिरा फार काही होत नाही, आम्ही टॅक्सी करून बंदरापाशी गेलो, पार्लमेंटची इमारत हजारो दिव्यांच्या रेषांनी उजळलेली असते, समोर १९०८ चं एम्प्रेस हॉटेल. बुचार्ट गार्डनची घाईघाईची टूर मोठ्यांना घेऊन करू नका, चुनखडीच्या जुन्या खाणीत १९०४ पासून फुलवलेली बाग आहे, तिला निवांत अर्धा दिवस हवा. आत्या आणि आई जहाजावरच राहिल्या आणि शेवटच्या रात्रीसाठी डाळ जरा पातळ आणि भात मऊ करून द्यायला त्यांनी डायनिंग हॉलमध्ये स्वतःच जाऊन सांगितलं, हातवारे करून. तसाच मिळाला.

आठवा दिवस, परत सिअ‍ॅटल

बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवल्या तर त्या खाली उतरवून देतात, पण औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगा थेट धक्क्यावरच परत मिळतात. व्हीलचेअरवाल्यांना वेगळी वेळ देतात. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका, चौदा माणसं, इमिग्रेशन आणि टॅक्सी यांत सकाळ कशी गेली ते कळलंही नाही. दादाकडच्यांचं दोनचं होतं, ते वेळेवर पोचले. आई-बाबा, आत्या आणि सासूबाई आमच्याबरोबर बे एरियात आले, त्यांचं भारतातलं परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे, आणि सध्या रोज संध्याकाळी टीव्हीवर फोटो लावून बाबा प्रत्येक फोटोखाली तारीख आणि जागा लिहून घेतायत.